वय वर्षे एकोणपन्नास

मनामा, बहारीन, शुक्रवार, १७ जानेवारी

मेधा,

तुझा फोन लागत नाही. तुझा दादा सांगतो, तू तो कपाटात ठेवून दिला आहेस आणि कुणी आपला फोन पुढे केला तरी हातात घेत नाहीस. म्हणून कागदावर लिहितो आहे. खाली कार्गोच्या दुकानातल्या महादेवला विचारलं. तो म्हणाला, "काका, आमचं कुणी ना कुणी दर आठवड्याला कोकणात जातंच. पाकिटावर कणकवली लिहा, पोचेल." त्यानं पैसे घेतले नाहीत.

इकडे सगळं जागच्या जागी आहे. गॅसचा सिलिंडर बदलला. तुझ्या तुळशीला पाणी घालतो, पण ती वाळते आहे. तेजूच्या खोलीचं दार मी उघडत नाही आणि लावूनही घेत नाही. तू जाताना जेवढं उघडं होतं तेवढंच आहे. तिचा फोन मात्र तू सांगितल्याप्रमाणे चालू ठेवला आहे. पोलिसांनी दिला त्याच पिशवीत आहे, दोन दिवसांनी बाहेर काढून चार्ज करतो आणि परत ठेवतो. त्याचा कोड माहीत नसल्यानं आपल्याला तो उघडता येत नाही, पण तू बंद करू नका म्हणाली होतीस.

लिहायचं कारण व्हिसाचं आहे. ऑक्टोबरच्या शेवटी आपण तेजूला घेऊन गेलो, आणि तेरावं झाल्यावर मी एकटा परत आलो. सहा महिन्यांहून जास्त बाहेर राहिलीस तर तुझा इथला व्हिसा रद्द होईल. एप्रिलच्या शेवटपर्यंत वेळ आहे. यावंस असा आग्रह नाही. माहीत असावं म्हणून लिहिलं.

त्या दिवशी तुमच्या पडवीत जे झालं त्याबद्दल मी रोज विचार करतो. तू म्हणालीस, "ती कुणाशी तरी बोललेली असणार. आपल्याशी नाही, तर दुसऱ्या कुणाशी तरी. माझी मुलगी अशी गप्प राहून जाणारी नव्हती." मी म्हणालो, माझ्या कंपनीनं पोलिसांना लेखी कळवलं आहे, आमच्या ॲपवर त्याआधीच्या महिन्याभरात इथून कुणाही लहान मुलीची तक्रार आलेली नाही. तू म्हणालीस, "मग तुम्ही कंपनीपाशीच राहा."

मी मुद्दाम कंपनीची बाजू घेतली नव्हती. मी कागदावर जे होतं ते सांगितलं. पंचवीस वर्षं तेच करत आलो आहे. पंधरा वर्षांच्या मुलीनं स्वतःला संपवलं आणि तिनं कुणाला एक शब्द सांगितला नाही, हे मलाही पटत नव्हतं. पण कागद तसा होता.

तब्येतीला जप. गोळ्या संपल्या असतील तर महादेवकडून पाठवतो.

सदानंद


मनामा, शुक्रवार, ३१ जानेवारी

मेधा,

तुझ्या चार ओळी मिळाल्या. महादेवनं वर आणून दिल्या आणि दारातच थांबून विचारलं, "काकू बऱ्या ना?" मी हो म्हणालो.

तू विचारलं आहेस: "तुम्ही अजून त्याच टेबलावर बसता का? बसून काय करता?" तू त्या कंपनीचं नाव घरात नको म्हणाली होतीस, म्हणून इथंही लिहीत नाही. पण विचारलंस तर सांगतो.

हो, त्याच टेबलावर बसतो. सध्या एका अर्जाचं काम आहे. आमचं गप्पांचं ॲप ज्या देशांत चालतं त्यातल्या एका देशानं (नाव लिहीत नाही, ऑफिसचा कागद आहे) असा नियम केला आहे की, ॲपवर काय चालतं त्यावर लक्ष ठेवणारं जे सरकारी कार्यालय आहे, त्याचा सगळा खर्च ॲपवाल्या कंपन्यांनी फी भरून द्यायचा. हा दंड नव्हे. तुम्ही चूक केली म्हणून नाही, तुम्ही हा धंदा करता म्हणून. तिथले लोक मुलांच्या तक्रारी बघतात, कंपन्यांना जाब विचारतात, आणि त्यांचा पगार तिथल्या जनतेच्या कराऐवजी आमच्यासारख्यांकडून येतो. ज्याचं उत्पन्न ठरावीक रकमेच्या वर, त्यानं फी भरायची. खाली असेल त्याला माफ. दरवर्षी उत्पन्न जाहीर करायचं, आणि सोबत मुलांच्या तक्रारी किती आल्या, किती दिवसांत पाहिल्या, तेही लिहायचं.

आमचे प्रशांत साहेब तुला आठवतात, मंडळाच्या गणपतीत निवेदन करतात ते. त्यांनी मला बोलावलं.

"सदानंदराव, त्या फीच्या अर्जाचं काय एवढं? गेल्या वर्षीचा काढा, तारीख बदला, खलास."

मी म्हणालो, "गेल्या वर्षी आपण दोन कंपन्या वेगळ्या दाखवल्या होत्या. नाणी विकणारी एक आणि जाहिराती घेणारी एक. म्हणून दोन्ही मर्यादेच्या खाली राहिल्या."

"मग? वेगळ्याच आहेत. दारावर पाट्या दोन आहेत ना?"

"टेबल एकच आहे, साहेब. हे तुमचं, आणि ते माझं."

ते हसले. म्हणाले, "तुम्ही विनोद करायला लागलात. बरं वाटलं. मध्यंतरी तुमच्याकडे बघवत नव्हतं." मग म्हणाले, "काय जावईशोध आहे बघा. चौकीदार त्यांना हवा आणि पगार आपण द्यायचा. उद्या आपल्याच दाराशी उभा राहून तो आपल्यालाच अडवणार."

मी फाईल उचलून बाहेर आलो. घरी येताना आपल्या इमारतीच्या नातूरला, म्हणजे राखणदाराला, सलाम केला तेव्हा डोक्यात आलं की, याचाही पगार आपणच भाड्यातून देतो, आणि अकरा वर्षांत मला कधी तो जड वाटलेला नाही. हे मला साहेबांना सांगता आलं असतं. मला वेळेवर सुचत नाही, तुला माहीत आहे.

तुझी शेवटची ओळ अशी आहे: "तुमच्या कागदांनी कुणाची मुलगी परत येणार?" कुणाचीच नाही. मी ते लिहिणार नव्हतो, पण तू विचारलंस म्हणून उत्तर दिलं. अर्ज मी गेल्या वर्षीसारखाच तयार करतो आहे. मार्चच्या मध्यापर्यंत पाठवायचा आहे.

सदानंद


मनामा, शनिवार, १५ फेब्रुवारी

मेधा,

गेले चार दिवस ऑफिसला गेलो नाही. अंगात कसकस होती, आता बरा आहे. दादाला काही कळवू नकोस.

दुपारी घरी असलं की नको ते ऐकू येतं. पावणेतीनला शाळेची बस समोर थांबते. आपल्या इमारतीत आता तिच्या शाळेचं कुणी नाही, तरी थांबते. दार उघडल्याचा आवाज येतो. कुणी उतरत नाही. थोड्या वेळानं बंद होतं. पहिल्या दिवशी मला वाटलं भास झाला. दुसऱ्या दिवशी गॅलरीत जाऊन उभा राहिलो. खरंच थांबते. ड्रायव्हरनं वर बघितलं आणि मान खाली घातली. त्याला सवय मोडता येत नसेल.

काल चालत राहिलो आणि मुहर्रकचा पूल ओलांडून अरादपर्यंत गेलो. इतकं चालल्याचं तिथं पोचल्यावर कळलं. किल्ल्याजवळ समुद्राच्या कडेला मुलं सायकली चालवत होती. एक मुलगी फोनवर कुणाशी तरी इंग्रजीत बोलत चालली होती. आवाज तसा नव्हता, तरी मी तिच्या मागे बरंच अंतर गेलो. तिच्या आईनं वळून बघितलं तेव्हा थांबलो. टॅक्सीनं परत आलो.

तुला एक विचारायचं आहे. तेजू आपल्याशी मराठीत शेवटचं कधी बोलली, तुला आठवतं का? आपण मराठीत विचारायचो आणि ती इंग्रजीत उत्तर द्यायची. मला एकही पूर्ण मराठी वाक्य आठवत नव्हतं. आता

हे वाक्य नंतर पूर्ण करतो. ऑफिसात एक गोष्ट झाली आहे. ती आज लिहिता येत नाही.

सदानंद


मनामा, शुक्रवार, २८ फेब्रुवारी

मेधा,

हे पत्र मी तीन वेळा लिहून फाडलं. आता जसं येईल तसं लिहितो. दादासमोर वाचू नकोस. बसून वाच.

तू बरोबर होतीस. तिनं सांगितलं होतं.

आमच्याकडे तक्रारी वाचायला दोन मुली आहेत. त्यातली एक कनीज, हैदराबादची. पूर्वी सात जणं होती. फीच्या अर्जात तक्रारींची संख्या लिहायची असल्यामुळे न उघडलेल्या जुन्या तक्रारी उघडून मोजायला मी तिला सांगितलं होतं. महिन्याभरात कुणी उघडली नाही तर तक्रार आपोआप जुन्या फायलीत जाते. तशा बऱ्याच होत्या. अकरा फेब्रुवारीला सकाळी कनीज हेडफोन घेऊन माझ्या टेबलाशी आली.

"सर, ये आख़िरी लाइन मराठी है क्या? पूरी अंग्रेज़ी में बोल रही है, आख़िर में कुछ और बोलती है. फ़्लोर पर मराठी आप और प्रशांत सर ही हैं, और प्रशांत सर मीटिंग में हैं."

मी विचारलं, "कुणाची आहे?"

"वही तो अजीब है, सर. आवाज़ बच्ची की है, और उम्र लिखी है उनचास. मर्द."

मी हेडफोन लावला.

मेधा, तो तिचा आवाज होता. चाळीस सेकंद. शाळेत प्रोजेक्ट सांगते तसा, एकेक मुद्दा. एक माणूस आहे, ॲपवरच्या खोलीत गप्पा मारताना त्यानं माझा आवाज आणि फोटो साठवून ठेवले आहेत. आणखी फोटो मागतो. नाही दिले तर शाळेत आणि माझ्या वडिलांच्या ऑफिसात पाठवीन म्हणतो. मी त्याला तीनदा बंद केलं, तो दुसऱ्या नावानं येतो. त्याला काढून टाका. हे सगळं इंग्रजीत. प्रत्येक वाक्याला प्लीज. मग जरा थांबते, पंख्याचा आवाज येतो, आणि मराठीत म्हणते, "आणि बाबांना सांगू नका. त्यांची नोकरी तिथेच आहे."

ऑफिसात प्रशांतकाका आहेत हे तिला माहीत होतं. कुणीतरी मराठी माणूस ऐकेल असं तिला वाटलं असेल.

तारीख एकोणतीस सप्टेंबर. त्यानंतर ती अकरा दिवस होती.

कनीज उभी होती. "क्या बोलती है, सर?"

मी म्हणालो, "कहती है, पिताजी को मत बताना." पुढचं सांगितलं नाही.

ती म्हणाली, "बेचारी. पता नहीं अब कैसी होगी." आणि हेडफोन घेऊन गेली.

आता ते एकोणपन्नास वर्षांचं सांगतो. हे तुला माहीत नाही. हे मी तुला कधी सांगणार होतो की नाही, मलाच माहीत नाही.

तीन वर्षांपूर्वी कंपनीनं कर्मचाऱ्यांच्या घरच्यांसाठी योजना काढली. घरातल्या एकाला ॲपवर खातं काढून दिलं तर दर महिन्याला फुकट नाणी. ती नाणी उडवून तिथं एकमेकांना फुलं, केक असलं काहीतरी देता येतं. तेजू मागे लागली होती, तिच्या वर्गात सगळ्यांकडे होतं. ती बारा वर्षांची होती. योजनेच्या अर्जात अठराच्या खालची तारीख चालत नव्हती. मी ऑफिसात बसून तिच्यासाठी अर्ज भरला आणि जन्मतारखेच्या जागी माझी टाकली. दुसरी कुठली खोटी तारीख टाकायची, निदान ही खरी तरी आहे, असा विचार केल्याचं आठवतं. पुरुष की स्त्री, तिथंही माझं. तिला आनंद झाला. मला वाटलं, फुकट मिळतं आहे तर का सोडा.

तक्रारी वाचायचा क्रम असा आहे. आधी अठराच्या खालची मुलं, त्याच दिवशी. मग बायका. मग बाकीचे. कनीजलाच मी नंतर विचारलं की एकोणपन्नास वर्षांच्या पुरुषाची तक्रार कधी उघडता. ती म्हणाली, "महीने के आख़िर में, सर, वक़्त मिला तो. दो ही तो लोग हैं."

तिची तक्रार माझ्या वयामागे थांबली होती. बारा वर्षांची खरी तारीख टाकली असती तर अर्ज मंजूर झाला नसता, खातं निघालं नसतं. निघालं असतं तरी मुलीची म्हणून त्याच दिवशी कुणीतरी ऐकली असती. मी दोन्ही बाजूंनी हिशेब मांडून पाहिला. दोन्हीकडे मीच येतो.

आणि कंपनीनं पोलिसांना लिहून दिलं ते खोटं नव्हतं. लहान मुलीची तक्रार खरोखरच आलेली नव्हती. मी तो कागद हातात धरून तुमच्या पडवीत उभा राहिलो आणि तुला सांगितलं की तिनं कुणाला काही सांगितलं नाही.

आणखी एक. ती आठवीत असताना जेवताना एकदा म्हणाली होती की तिथं लोक घाण बोलतात. मी म्हणालो, "ऑफिसबद्दल घरात असं बोलायचं नाही. आपल्या तिघांचे व्हिसे त्या कंपनीवर आहेत." ती म्हणाली, "ओके बाबा, इट्स फाईन." तू आत पोळ्या करत होतीस. ऐकलंस की नाही माहीत नाही. त्यानंतर ती त्याबद्दल एक शब्द बोलली नाही.

त्या दिवशी दुपारी घरी आलो. पिशवीतल्या फोनवर उजेड दिसला. पिशवीतूनच वाचता आलं. कनीजनं तक्रार उघडून नोंद केल्यामुळे ॲपनं आपोआप निरोप पाठवला होता. तुमची तक्रार पाहिली गेली आहे. आमची सेवा कशी वाटली? एक ते पाच तारे द्या.

तो निरोप दर तीन दिवसांनी परत येतो. कुणी उत्तर देईपर्यंत येणार. अशी सोय केलेली आहे.

तो आवाज माझ्याकडे आहे. कनीजला मी पुढच्या आठवड्यात खरं सांगितलं. ती खुर्चीवरून उठली, परत बसली आणि म्हणाली, "मैंने आपसे तर्जुमा करवाया." मग तिनं स्वतःच कॉपी करून दिली. तुला हवा असेल तर पाठवतो. नको असेल तर जपून ठेवतो. हे तू ठरव, मी काही सांगणार नाही.

सदानंद


मनामा, शुक्रवार, २१ मार्च

मेधा,

तुझं उत्तर आलं नाही. येईल असं धरलेलं नाही.

अर्ज मी तेरा तारखेला पाठवला. रमजानमुळे ऑफिस दुपारी दोनला सुटतं, सगळे गेल्यावर बसलो. दोन्ही कंपन्यांचं उत्पन्न एकत्र लिहिलं. ते मर्यादेच्या बरंच वर गेलं, म्हणजे फी लागणार. मुलांच्या तक्रारींच्या रकान्यात कनीजनं मोजलेला आकडा टाकला. खाली शेरा लिहिला: हा आकडा अर्जात भरलेल्या जन्मतारखेवरून काढलेला आहे. जन्मतारखा खऱ्या असतीलच असं नाही. एक उदाहरण मला स्वतःला माहीत आहे. त्यात चुकीची तारीख वडिलांनी भरली, तक्रार उघडली गेली नाही आणि मुलगी आता हयात नाही. ते वडील म्हणजे मी. सही केली.

तो शेरा कुणी वाचेल असं मला वाटलं नव्हतं. फी लागल्याचं पत्र येईल, एवढंच वाटलं होतं. चौथ्या दिवशी त्या सरकारी कार्यालयाकडून उत्तर आलं. आपोआप येणारं नव्हे. खाली एका बाईंचं नाव होतं, महमुदा, आणि थेट फोन नंबर. मी फोन केला. त्यांनी आधी विचारलं की मी बसलो आहे का आणि जवळ कुणी आहे का. मग म्हणाल्या की त्यांनी माझा शेरा दोनदा वाचला. मी विचारलं, तुमच्याकडे असे वाचणारे किती लोक आहेत. त्यांना प्रश्न विचित्र वाटला असेल, पण त्यांनी सांगितलं, या कामावर बावीस, फी सुरू झाल्यापासून वाढले, आधी सहा होते. मी दोन्ही आकडे सावकाश कागदावर लिहिले. त्यांनी फोन ठेवला नाही.

तू विचारलं होतंस की अशा कागदांनी काय होणार. मला अजून नीट उत्तर देता येत नाही. कुणीतरी त्या खुर्चीत बसून वाचत होतं, एवढंच मी सांगू शकतो. आमच्या कंपनीनं त्यासाठी आजवर एक पैसा दिलेला नव्हता. आणि ते न देण्याचे कागद मी केले होते.

प्रशांत साहेबांना तिकडून पत्र गेल्यावर कळलं. त्यांनी दार लावलं.

"हे तुम्ही मला न विचारता केलंत?"

"विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला असतात."

"अहो, तुमच्या दुःखाची मला कल्पना आहे. मी विमानतळावर आलो होतो. पण तुमचं दुःख कंपनीच्या अर्जात कशाला?"

मी म्हणालो, "ते आधीपासूनच तिथं होतं, साहेब. मी फक्त लिहिलं."

ते खिडकीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "माझा मुलगाही आहे त्यावर. चौदाचा आहे." मी विचारलं, "त्याची तारीख कुणी भरली?" त्यांनी तिकडून आलेलं पत्र घडी करून खणात ठेवलं. नंतर म्हणाले, "एक महिन्याची नोटीस. व्हिसा वीस एप्रिलला कॅन्सल होईल. मला वरून सांगितलंय. मनावर घेऊ नका." मी मनावर घेतलेलं नाही. त्यांच्या जागी मी असतो तर मीही हेच केलं असतं, आणि गेल्या वर्षीपर्यंत करतच होतो.

म्हणजे पहिल्या पत्रात लिहिलेली सहा महिन्यांची मुदत आता बाद झाली. तुझा व्हिसा माझ्यावरच होता.

आता मुख्य काम. महमुदाबाईंच्या कार्यालयाला तेजूचं उदाहरण घ्यायचं आहे. ती त्यांच्या देशातली नाही, पण तक्रारींचा हाच क्रम आमची कंपनी त्यांच्या मुलांसाठीही वापरते, म्हणून त्यांना तो बदलायला लावायचा आहे. वय फक्त अर्जावरून धरायचं नाही, आवाज मुलाचा वाटला तर तक्रार वर घ्यायची, असं काहीतरी. त्यासाठी तिचं खातं आणि तो आवाज त्यांना अधिकृतपणे लागेल. मुलगी हयात नसल्यानं आई आणि वडील दोघांची संमती हवी. एकाची चालत नाही. मी विचारून घेतलं.

फॉर्म सोबत जोडला आहे. चार पानं आहेत, मी पेन्सिलीनं बाजूला मराठीत अर्थ लिहिले आहेत. शेवटच्या पानावर माझी सही झाली आहे. तुझी जागा रिकामी आहे. संमती द्यायची नसेल तर तसंही लिहिता येतं, दुसरा चौकोन आहे. तो खुणावलास तर महमुदाबाई ते प्रकरण बंद करतील आणि मी त्यांना पुन्हा फोन करणार नाही. तिचा आवाज परक्या लोकांनी खोलीत बसून ऐकावा की नाही, हे माझ्या एकट्याच्या हातात नको होतं. तसं आता नाही, हे बरं झालं.

दुसऱ्या पानावर मुलीची जन्मतारीख विचारली आहे. ती मी भरलेली नाही. ती तू लिही.

महादेव स्वतः या वेळी सुट्टीवर येतो आहे, त्याच्या भाचीचं लग्न आहे. हे पाकीट तो तुझ्याच हातात देईल. तो सहा तारखेला परत निघतो, त्याआधी एकदा तुमच्याकडे येईल. फॉर्म द्यायचा असेल तर त्याच्याकडे दे. द्यायचा नसेल तर नुसता चहा दे. मी त्याला सांगून ठेवलं आहे, तो काही विचारणार नाही.

सदानंद